नेम चहाचा, लग्न वेईचं

मंदारच्या चिनी मित्राचं लग्न ठरलं, आम्हालाही बोलावणं आलं, तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, “चातुर्मासात कुठं लग्न असतं का?”

मंदार म्हणाला, “आई, इथं हॉल मिळाला की मुहूर्त.”

“आपल्याकडे तरी दुसरं काय असतं?” आमचे हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले. झालं, जायचं ठरलं.

२००६ सालचा सप्टेंबर. आम्ही दोघं सहा महिन्यांसाठी मिशिगनमध्ये नोव्हाय गावी मुलाकडे, म्हणजे मंदारकडे, राहिलो होतो. नवरदेव वेई हा त्याचा कॉलेजातला रूममेट, आता एकाच ऑफिसात. वडील नाहीत, आई तिकडे चीनमध्ये. आठवड्यातून चारदा तरी आमच्याकडे जेवायचा, मला काकू म्हणायचा. माझं इंग्रजी मॅट्रिकपुरतं आणि त्याचंही शिकून आलेलं, म्हणून आमचं दोघांचं छान जमायचं. मंदारचं इंग्रजी मात्र मला कळत नाही.

आता माझ्या नेमाबद्दल सांगायलाच हवं. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत मी चहा सोडला होता. मंदारचं लग्न जमावं म्हणून. मुली दाखवून दाखवून मी थकले आणि नाही म्हणून तो थकेना. खरं सांगते, नेम धरताना अमेरिकेतला तो पिशवीचा पुचाट चहा डोळ्यापुढे होता. म्हटलं, एवढंच ना, सोडू. आठवड्याभरात डोकं ठणकायला लागलं तेव्हा कळलं, विठोबा असा स्वस्तात सौदा करत नाही.

शुक्रवारी सकाळी निघालो. नोव्हायहून नवरीच्या गावाला, शिकागोजवळच्या शॉमबर्गला, गाडीनं पाच तास लागतात. हायवे सरळसोट. शिकागो जवळ आलं की टोलनाके सुरू होतात, तेव्हा सुटी नाणी हाताशी ठेवा. वाटेत थांबायच्या जागा असतात, तिथली स्वच्छतागृहं चकाचक आणि फुकट. बाकडीही असतात. आम्ही तिथंच दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, तेवढंच हॉटेलचं बिल वाचलं. शिकागोचं घड्याळ तासभर मागे असतं, म्हणजे जाताना एक तासही फुकट मिळतो. हा तास परतताना वसूल करतात हे मला माहीत नव्हतं. मोटेलची खोली साठ डॉलर, सकाळचा नाश्ता त्यातच. मी मनात रुपये केले आणि नाश्त्याची दोन केळी पर्समध्ये टाकली.

संध्याकाळी कपड्यांचा घोळ. मंदार म्हणाला, “पांढरं नको, त्यांच्यात ते दुःखाचं. लाल नको, ते नवरीचं.”

बॅगेत मी नेमक्या दोन रेशमी साड्या आणल्या होत्या. एक मोतिया, एक लाल. शेवटी गाडीतून नेसून आलेली हिरवी पॉलिएस्टर झटकून वाळत टाकली.

शनिवारी सकाळी आम्ही नाश्त्याला बसलो होतो, तेवढ्यात वेई सूट घालून आला. बसेना. हातातली किल्ली नुसती फिरवत राहिला.

“काकू, नाही म्हणालात तरी चालेल,” त्यानं सुरुवात केली.

त्यांच्या लग्नात मोठ्यांना चहा देतात. नवरानवरी गुडघे टेकून दोन्ही हातांनी कप पुढे करतात, मोठी माणसं पितात, आणि मग सून घरातली झाली असं मानतात. नवरीकडे आजी, काका, आत्या, सगळा गोतावळा. वेईच्या आईला व्हिसा नाकारला होता, दुसऱ्यांदा. त्याच्या बाजूच्या खुर्चीत बसायला कुणीच नव्हतं. “माझ्या आईनंच तुमचं नाव सुचवलं. पण तुम्ही चहा पीत नाही, मला माहीत आहे,” तो म्हणाला आणि खाली बघत राहिला.

“बसते की,” मी म्हटलं. माझं तोंड नेहमी माझ्या आधी बोलतं.

तो गेल्यावर आमची सभा भरली. हे म्हणाले, “चिनी चहात दूध नाही, साखर नाही. तो काढाच. काढा चालतो.”

“देवाला फसवू?”

मंदार म्हणाला, “आई, नुसता ओठांना लाव यार. कोण बघतंय?”

मला यारही म्हणून घ्यावं लागलं आणि तोडगाही पटला. ओठ म्हणजे काही पोट नव्हे.

नवरीच्या घराच्या दारात तिच्या मैत्रिणींनी वाट अडवली होती. नवऱ्याच्या मित्रांनी कच्चं कारलं खाल्ल्याशिवाय आत सोडणार नव्हत्या. आमच्या मंदारनं जन्मात कधी कारल्याला तोंड लावलं नाही. त्या मुलींसमोर मात्र निमूट अख्खी फोड खाल्ली, वर हसला. मी मैत्रिणींकडे जरा नीट पाहून घेतलं.

आत दोन खुर्च्या. आम्ही दोघं बसलो, मी पॉलिएस्टरमध्ये. समोर नवरीची आजी, भिंगांच्या चष्म्यातून माझ्याकडेच रोखून. मंदारच्या हातात वेईचा मोबाइल, त्यावर चीनमधून त्याची आई. वेई आणि लिली, म्हणजे नवरी, गुडघ्यांवर बसले. वेईनं कप पुढे केला. मी ओठ टेकवले, मान हलवली, कप खाली धरला.

फोनमधून बारीक आवाज आला. वेईनं ऐकलं आणि माझ्या हातातल्या भरलेल्या कपाकडे पाहिलं.

“काय विचारतायत त्या?” मी विचारलं.

“विचारतेय, त्या प्यायल्या का?”

खोटं बोलायचं तर ते त्या पोराला बोलायला लागणार होतं, आणि तेही आईशी. मी कप उचलला आणि तळापर्यंत रिकामा केला. जीभ पोळली, डोळ्यांत पाणी आलं. सगळे हसायला लागले, कारण एक घोट पुरतो म्हणे! वेई फोनवर जोरात काहीतरी ओरडला आणि तिकडून रडण्याचा आवाज आला. तोवर लिलीनं दुसरा कप पुढे केला होता. तोही प्यायले. सुनेला नाही म्हणून कसं चालेल?

“आई, तुझा नेम,” मंदार कानाशी कुजबुजला.

“तुझं नंतर बघू.”

रात्रीच्या मेजवानीत अख्खा मासा आला, डोळ्यांसकट. माझ्यासाठी वेईनं मुद्दाम शाकाहारी ताट सांगितलं होतं. त्यात वांगं! चातुर्मासात वांगंही नसतंच. ते ह्यांच्या ताटात सरकवून मी पर्समधली केळी खाल्ली.

ऑक्टोबरअखेर आम्ही साताऱ्याला परतलो. कार्तिकीनंतर उद्यापनाला गुरुजींनी विचारलं, “नेम अखंड झाला ना?”

“एकदा मोडला. दोन कप,” मी सांगितलं.

शेजारी बसलेल्या थोरल्या जाऊबाई लगेच म्हणाल्या, “म्हणूनच रखडलंय पोराचं.”

रखडलंय हे खरं. अजून जमलेलं नाही. ते वाक्य मला लागलं, आजही लागतं. एखाद्या दुपारी वाटतं, आपणच तर आड आलो नाही ना?

गुरुजी म्हणाले, “सोपं आहे. एक उपास करा आणि हातावर पाणी घेऊन ‘चुकलं’ म्हणा.”

उपास केला, तो मला जमतो. पाणी घेतलं. शब्द काही निघेना. फोनमधलं ते रडणं ऐकू यायला लागलं. गुरुजींना पुढचं घर होतं.

“बरं, मनातल्या मनात म्हणा,” ते म्हणाले.

पंचाईत तिथंच होती. मनात बाकी सगळं होतं, नेमकं तेवढं नव्हतं.