नोरिको-सानचे मार्क

चहा घ्या, गार होईल. तो पिता पिता ऐका, कारण चार जपानी बायकांसमोर मी जे दिवे लावले, ते नागपूरला मी अजून कोणालाही सांगितलेलं नाही. माझ्या सख्ख्या बहिणीलासुद्धा नाही. तिला कळलं तर अख्ख्या धरमपेठेला कळेल!

मिसिसागाला येऊन मला दीड वर्ष झालं. हे गेले, आणि केदार, माझा मुलगा, म्हणाला, आई, तिकडे एकटी कशाला राहतेस? म्हणून आले. आता तो आणि सूनबाई रसिका सकाळी सातच्या ट्रेनने टोरांटोला जातात आणि संध्याकाळी सहाला येतात. मधले अकरा तास एकविसाव्या मजल्यावरच्या काँडोत मी एकटी. म्हणजे नागपुरात एकटी राहू नये म्हणून मिसिसागात एकटी राहायला आले. पहिल्या हिवाळ्यात तर मी कुकरशी बोलायचे. हसू नका, तो निदान शिट्टी तरी द्यायचा.

अशात खाली टपालाच्या पेट्यांपाशी नोरिको-सान भेटली. 'सान' म्हणजे आपलं ताई, बाई, काकू, सगळं त्यात आलं. सत्तरीची बाई, तिचेही यजमान गेलेले. ती आणि तिच्या तीन मैत्रिणी दर मंगळवारी दुपारी दोनला बिल्डिंगच्या पार्टी रूममध्ये कराओके करायच्या. तिने घरून आणलेलं मशीन होतं, आणि गाणं संपलं की ते शंभरपैकी मार्क द्यायचं. मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये तिने विचारलं, तुम्ही गाता का? अहो, ती फावड्याने बर्फ उपसायला चला म्हणाली असती तरी मी गेले असते.

अडचण एकच होती. मशीनमध्ये सगळी गाणी जपानी.

आता मी काय कोणी ऐरीगैरी नाही. मध्यमेपर्यंत गाणं शिकले आहे. तीस वर्षं बँकेच्या गॅदरिंगमध्ये माझं भावगीत झाल्याशिवाय कोणी जेवायला उठायचं नाही. पण जपानी? पहिल्याच मंगळवारी फजिती झाली तर पुन्हा कोण बोलावणार? आठवड्यातले सहा दिवस तर गेलेलेच होते, हा एक मंगळवार हातचा जाऊ द्यायचा नव्हता.

रसिकाने इंटरनेटवरून एक यादीच काढून दिली. बायकांना म्हणायला सोपी आणि भरपूर मार्क देणारी जपानी गाणी! मी म्हटलं, गाण्यात सोपं काय असतं गं? तर म्हणे असतं. सूर फार वर जायला नको, फार खाली नको, लय संथ हवी आणि तीच ओळ पुन्हा पुन्हा यायला हवी. पहिलं गाणं इतकं वर गेलं की मला ठसका लागला. दुसऱ्यातले शब्द एवढे भरभर की श्वास घ्यायला जागाच नाही. तिसरं जमलं. अर्थ एवढाच की बर्फ पडतोय, एक बाई खिडकीत बसली आहे, कोणीतरी येईल म्हणून वाट बघते आहे. मी म्हटलं, हे आपलंच आहे, घ्या.

देवनागरीत लिहून काढलं. पंधरा दिवस भाजी चिरताना तेच, कपड्यांच्या घड्या करताना तेच. केदारची एकच ताकीद, आई, हरकती घ्यायच्या नाहीत, मशीनला सरळ सूर लागतो. मुरकी गिळून गाणं म्हणजे काय यातना असतात, ते ज्याने सोसलं त्यालाच कळेल. पण गिळली.

आणि सांगते, एक्क्याण्णव मार्क! त्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, वाकून नमस्कार केला. मी इतकी हरखले की माइक हातातच धरून खुर्चीवर येऊन बसले. दुसरा माइक नोरिको-सानने घेतला.

तिचं गाणं अवघड. तिला कधी अठ्ठ्याऐंशीच्या वर मार्क मिळाले नव्हते, नव्वद हवे होते, हे तिने मला आधीच सांगितलं होतं. ती गायला लागली, आणि एका जागी असा काही सूर लागला बाप्पा, की माझ्या तोंडून निघूनच गेलं, "वाऽऽ! क्या बात है!"

दोन वर्षांत मी कोणाला दाद दिली नव्हती. आमच्या घरी ह्यांना सवयच होती, मी स्वयंपाकघरात नुसतं गुणगुणले तरी बाहेरून 'वा' यायचं. दाद द्यायलाही समोर माणूस लागतं हो. ते दोन वर्षांनी सापडलं आणि माझं धरणच फुटलं. आहा काय, जियो काय, मांडीवर ताल काय! बाकीच्या तिघी मात्र हात मांडीवर ठेवून गप्प. मला वाटलं, किती अरसिक बायका!

मार्क आले एकसष्ट.

नोरिको-सान वाकली आणि म्हणाली, माझा सराव कमी पडला. मला वाईट वाटलं. पुन्हा म्हणा म्हणून मीच आग्रह केला आणि तिला धीर यावा म्हणून दुप्पट दाद दिली. चौपन्न. ती आणखी वाकली. मी म्हटलं, आता कंजुषी करायची नाही. तिसऱ्यांदा तर मी समेवर तिच्याबरोबर गायलेसुद्धा. सत्तेचाळीस!

तेव्हा चष्मा लावलेल्या एक बाई उठल्या. माझ्या हातातला माइक त्यांनी दोन्ही हातांनी, देवाचा प्रसाद घ्यावा तसा घेतला, त्याचं बटण बंद केलं आणि मला वाकून नमस्कार केला. माइकवरचा हिरवा दिवा विझला आणि माझ्या डोक्यात पेटला. माझी सगळी दाद त्या मशीनने नोरिको-सानच्या गाण्यात धरली होती. तीन वेळा! आणि सभ्यपणापायी एकीनेही मला गप्प बसा म्हटलं नव्हतं.

घरी सांगितलं तर केदार पोट धरून हसला. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. मार्कांसाठी नाही. मंगळवार गेला म्हणून. सहा दिवस टपाल आणायलासुद्धा खाली उतरले नाही.

सोमवारी दारावर टकटक झाली. नोरिको-सान होती. उद्या दोन वाजता, एवढंच म्हणाली आणि गेली.

मी कानाला खडा लावला. मंगळवारी माइकपासून सर्वांत लांबची खुर्ची धरली, दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि ओठ घट्ट मिटून घेतले. तिने तेच गाणं सुरू केलं. तो सूर आला, मागच्यापेक्षा सुरेख लागला. मी गालिच्याकडे बघत बसले. हूं की चूं नाही.

आणि ती मध्येच थांबली. मागे वाद्यं वाजतायत, पडद्यावर शब्द पुढे पळतायत, आणि बाई माझ्याकडे बघत उभी.

"मंदा-सान, आज 'वा' नाही?"

"तुमचे मार्क जातील हो," मी म्हटलं.

"मार्क तर घरी एकटी गायले तरी मिळतात," ती म्हणाली.

मी खुर्चीवरून उठले. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत उभ्या, आणि गाणं आमच्याशिवायच संपून गेलं. मशीनने मार्क दिले एकतीस.

म्हणजे बघा. तोंड उघडून मी बाईला निदान सत्तेचाळीस तरी मिळू दिले होते.