मागे न जाणारी गाडी

“काय सांगता येतं!” असं म्हणून मास्तर कोटाचा खिसा चाचपत. खिशात ट्रम्पेटचा तोंडाला लावायचा पितळी तुकडा असे. तो हाताला लागला की चेहरा सैल पडे. दोन मिनिटांनी हात पुन्हा खिशावर.

अंधेरीला आमच्या इमारतीमागे ख्रिस्ती लोकांचं जुनं गावठाण होतं. तिथल्या ब्रास बँडचे हे मास्तर. घराला कुलूप लावून, ते ओढून बघायला जिन्यावरून परत येणारा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. मास्तर रस्त्याच्या टोकापासून परत येत.

एकदा मात्र त्यांचं भय खरं ठरलं. मरोळच्या एका लग्नाला जाताना भाड्याचा टेम्पो वाटेत बंद पडला. बँड पोचला तेव्हा नवरी देवळात जाऊन बसली होती (चर्चला तिकडे देऊळच म्हणत). नवरीच्या बापाने चारचौघांत सुनावलं, “मास्तर, यापुढे मयतालाच या. तिथं उशीर झाला तरी कोण ओरडत नाही.”

हे वाक्य गावठाणभर फिरलं. आणखी एकदा उशीर झाला असता तर बँड मोडला असता, आणि मास्तरांना दुसरं काही येत नव्हतं. म्हणून हंगामाआधी स्वतःची गाडी घ्यायचं ठरलं. घाटकोपरला एका कंत्राटदाराचा जुना डिझेल पिकअप विकायचा होता. मास्तर मला घ्यायला आले.

“अहो, मला गाडीतलं काय कळतं?”

“कळायला नको, भाऊ. तुम्ही नुसतं चष्मा लावून उभे राहा. समोरचा जरा जपून बोलतो.”

या कामाला मी लायक होतो. गाडी चालवून बघायला आमच्याबरोबर बँडचा ढोलवाला होता. एरवी तो एका कारखान्याचा ट्रक चालवायचा.

कंत्राटदार पांढऱ्या सफारीत होते. मागे भिंतीवर त्यांचाच फोटो होता, एका पुढाऱ्याला हार घालतानाचा. फोटोत पुढाऱ्यापेक्षा हार घालणारा जास्त दिसेल अशी योजना होती. “गाडी नाही, घरची लक्ष्मी देतोय,” ते म्हणाले. लक्ष्मी अंगणात डाव्या अंगावर कलून उभी होती.

मास्तरांनी तापकरी पोराच्या कपाळाला लावावा तसा तळहात बॉनेटला लावला. “गरम कशी?”

“तुम्ही येणार म्हणून चालू करून ठेवली.”

“मग थांबतो. थंड होऊ दे. डिझेल थंडीतनं उठलं पायजे. पहाटेच्या लग्नाला नाय उठलं तर? काय सांगता येतं!”

आम्ही चिंचेखाली बसून राहिलो. कंत्राटदारांनी आधी चहा पाठवला, मग पाठवला नाही. मास्तर तेवढ्यात तीनदा उठून बॉनेटला हात लावून आले. अखेर गाडी सुरू केली. दुसऱ्या झटक्याला उठली. मास्तरांनी धुराच्या नळीपुढे पांढरा रुमाल धरला, तेलाचं झाकण काढून वास घेतला, चाकं हलवली, गाडीखाली आडवे होऊन कुठे गळतंय का ते पाहिलं. मग डोळे मिटून मांडीवर बोटांनी इंजिनाचा ठेका धरला. त्यांच्या कपाळावर घाम होता. माझ्याही होता, आणि मी तर नुसता चष्मा लावून उभा होतो.

ढोलवाला एक चक्कर मारून आला. “पुढचे गियर झकास आहेत, मास्तर. जरा मागे घेऊन बघतो.”

“खबरदार!” मास्तर ओरडले. “वरातीची गाडी आहे. पहिल्याच दिवशी मागे नेतोस?”

“अरे पण मास्तर—”

“बरोबर आहे त्यांचं,” कंत्राटदार घाईने म्हणाले. त्यांनी हातसुद्धा जोडले. “शुभकार्याची गाडी पुढेच जावी.” इतका भाविक माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

मास्तरांचं घर गावठाणातल्या बंद गल्लीच्या टोकाला होतं. व्यवहार झाला आणि गाडी त्याच संध्याकाळी दारात आली. दुसऱ्या दिवशी गाडी बाहेर काढताना कळलं, की ती मागे जातच नाही. ढोलवाल्याने गियरचा दांडा ओढून ओढून हात दुखवून घेतला. “वाट लागली, मास्तर.”

मास्तर पायरीवर बसले. खिसा चाचपला. मग म्हणाले, “ढकलायला वेळ लागणार. म्हणजे आता तासभर आधी निघायचं.”

तेव्हापासून लाल कोट घातलेली माणसं गाडी ढकलत गल्लीबाहेर काढायची आणि मास्तर पुढे ट्रम्पेट सांभाळत चालायचे. बँड लग्नघरी इतका लवकर पोचू लागला, की नवरदेव दाढी करत असायचा. “दुरुस्त करून घ्या ना,” मी एकदा म्हणालो. “चालतेय ना, भाऊ? उघडली आणि परत जुळलीच नाय तर? काय सांगता येतं!”

काही वर्षांनी मास्तर गेले. शवपेटी त्याच गाडीतून नेली. बँडवाले सवयीने तासभर आधी निघाले. दफनभूमीवर पोचलो तेव्हा फाटकाला कुलूप होतं आणि फादर अजून यायचे होते. मरोळचा तो नवरीचा बाप, आता म्हातारा झालेला, सगळ्यांच्या मागून धापा टाकत आला. उशीर त्याला झाला होता.

सगळं आटोपल्यावर फाटकासमोरची वाट अरुंद, म्हणून गाडी मागेच घ्यावी लागली. ढोलवाला स्टिअरिंगवर बसला. बाकीच्यांनी वाद्यं गवतावर ठेवली, लाल कोटांच्या बाह्या वर सारल्या आणि रिकामी गाडी ढकलायला सुरुवात केली. मीही चष्मा खिशात ठेवून हात लावला.