पत्रिका मी कॉम्प्युटरवर जुळवली

माझी शाळा चौथीत संपली. पण अक्षरं मला मास्तरांपेक्षा जास्त ओळखतात, हे मी आजही छाती ठोकून सांगतो. सीताबर्डीच्या एका छापखान्यात मी शिशाचे खिळे जुळवायचो. एकेक अक्षर उचलून ओळ बनवायची, आणि छापून झालं की खिळे पुसून ज्याच्या त्याच्या घरात परत टाकायचे. नाही टाकले तर दुसऱ्या दिवशी 'क' संपलेला आणि मालकाच्या शिव्या सुरू.

ऐंशीचं दशक सरता सरता मालकानं कॉम्प्युटर आणला. चालवायला त्यांची सून. त्याच सुमारास माझ्या मुलीचं लग्न कोराडीला जमलं. मुलाचे वडील, म्हणजे आमचे इवाई, पॉवर हाउसात नोकरीला. साखरपुड्यात त्यांनी चारचौघांत विचारलं, "पत्रिका तुमीच छापसान ना जी?"

"छापतो काय, कॉम्प्युटरवर छापतो. माह्या हातानं!"

तोवर त्या मशीनला मी बोटही लावलं नव्हतं. पण बोललो म्हणजे बोललो.

दुसऱ्या दिवशी मालकाच्या सुनेसमोर खुर्ची ओढून बसलो. "शिकव वं बाई."

"जमन का काका तुमाले?"

"तुले जमलं न?"

हसली, पण शिकवलं तिनं. ही रेघ चमकते तिथं अक्षर उमटणार. लांब पट्टी दाबली की जागा सुटते. चुकलं तर या बटनानं मागचं अक्षर पुसायचं, आणि नव्या ओळीला ते मोठं बटन. "अन् काका, काही बी केलं का सेव्ह करा. मंग थे फ्लॉपीत राह्यते. नाही तं लाइन गेली का सारं गेलं."

हे मी पक्कं डोक्यात बसवलं.

एका बोटानं शोधत शोधत पत्रिका झाली. किर्रकिर्र करत प्रूफ बाहेर आलं, ते खिशात घातलं. मग शेवटच्या अक्षरापासून पहिल्यापर्यंत सगळं पुसून टाकलं. उद्या दुसऱ्याच्या पत्रिकेला अक्षरं नको लागायला? आणि शिकवल्याप्रमाणे सेव्ह केलं.

इवाई प्रूफ बघायला आले. वाचलं, खूश झाले, मग कपाळाला आठी. "माह्या मोठ्या भावाचं नाव काहून नाही? थो मांडवात पाय ठेवनार नाही जी!"

"आत्ता टाकतो."

मालकाच्या सुनेनं फ्लॉपी लावली. पडदा कोरा करकरीत.

"काका, पुसलं का तुमी?"

"पुसलं मंग. अक्षरं परत टाकाले नको?"

तिला हसू आवरेना. "यातले अक्षरं सरत नाही जी! अन् पुसून वरून सेव्ह बी केलं?"

"तूच सांगतलं, काही बी केलं का सेव्ह करा."

इवाई माझ्याकडे रोखून बघत होते. "मंग काय, खिळ्यावरच छापता?"

हे झोंबलं. "बसा इवाई. चहा घ्या. तुमच्यासमोर बनवतो."

प्रूफ समोर ठेवलं आणि सुरू झालो. अक्षरं सरत नाहीत हे कळल्यावर बोट असं मोकळं सुटलं की काय सांगू! इवाई बशीत चहा ओतत एकेक नाव मोठ्यानं वाचत होते. संपलं तेव्हा मी मान ताठ करून त्यांच्याकडे पाहिलं.

"अन् भाऊ?"

प्रूफ जुनं, तर भाऊ येणार कुठून! सून तोंडाला पदर लावून बसली. मी ती चमकती रेघ बरोबर नावांच्या मधे नेली, नवी ओळ केली आणि नाव टाकलं. खालची सगळी मंडळी मुकाट्यानं खाली सरकली. खिळ्यांत हेच करायला अर्ध्या पानाचे खिळे उपसून परत जुळवावे लागले असते.

"सरकले गा सारे!" इवाई खुर्चीतून उठलेच. "आपल्या भाऊले जागा देली!"

मी सेव्ह केलं. या वेळी काही न पुसता. मग इवाई जरा लाजतच म्हणाले, "छापाचं बटन मी दाबू का जी?"

दाबलं त्यांनी. कागद पुरता बाहेर येईपर्यंत जागचे हलले नाहीत. लग्नात मोठे भाऊ पुढच्या खुर्चीवर बसले, आणि इवाई ज्याला त्याला पत्रिका दाखवत होते, "मी सोता छापली, कॉम्प्युटरवर!"

मग मीही मांडवात सगळ्यांसमोर उभा राहून सांगितलं, यांनी फक्त एक बटन दाबलं, बाकीची सगळी माझी.