राहण्यास योग्य नाही

साहेबांचा बूट घाणीत गेला. चेंबर तुंबून मैला अंगणभर पसरला होता. नाकावरचा रुमाल न काढता साहेब समोरच्या दारातल्या म्हातारीला म्हणाले, "ए बाई, पाणी आण. ओत इथं."

म्हातारीनं आतून कळशी आणली. आमच्या शहरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. वरून फडकं बांधून ठेवलेलं प्यायचं पाणी होतं ते. सत्तरी ओलांडलेली बाई. वाकली आणि साहेबांच्या बुटावर पाणी ओतू लागली.

"टाचेकडं," साहेब म्हणाले.

तिनं टाचेकडं ओतलं.

मी बाजूला फाइल धरून उभी होते. कनिष्ठ अभियंता. त्या वसाहतीची दुरुस्ती माझ्याकडं होती. वसाहत सरकारी, आणि दुरुस्त करायची ती आमच्याच खात्यानं.

म्हातारी कंबर धरून उठली. माझ्याकडं बघितलं. बघतच राहिली.

"तू कमळीची लेक न्हवं?"

साहेबांनी मान वळवली.

"नाही," मी म्हणाले. "तुमचा काहीतरी गैरसमज झालाय, आजी."

मी कमळीचीच लेक.

शहर झाडणाऱ्यांसाठी बांधलेल्या त्याच खोल्यांत मी जन्मले. तिसरी इमारत, खोली पाच. आई झाडू घेऊन बाहेर पडली की ही म्हातारी, मल्लव्वा, मला सांभाळायची. तिच्याच ताटात मी जेवले. तिच्याच पदराला नाक पुसलं.

आमची जात कळायला आडनाव लागत नव्हतं. पत्ता पुरायचा. शाळेत पत्ता सांगितला की शेजारची पोरगी दप्तर आपल्याकडं ओढून घ्यायची. मी लवकर शिकले. कॉलेजच्या फॉर्मवर मावशीचा पत्ता टाकला. नोकरी लागली तशी विजापूर रोडला भाड्यानं घर घेतलं. आई वारली तेव्हा 'गावी जायचं आहे' म्हणून रजा टाकली. गाव ऑफिसपासून दोन किलोमीटरवर होतं.

पाहणी झाल्यावर मी अहवाल लिहिला. स्लॅबचं प्लास्टर गळून सळ्या उघड्या पडल्यात. गटाराची आणि नळाची लाइन एकाच चरातून जाते, दोन्ही फुटल्यात. जिन्याचा कठडा हाताला हलतो. सगळं मोजून, फोटो लावून दिलं. ठेकेदाराला काम मिळालं. महिन्याभरात त्यानं काय केलं, तर रंग मारला. पिवळा. उघड्या सळ्यांवरसुद्धा पिवळा.

मग फाइल परत माझ्यासमोर आली. साहेबांच्या केबिनमध्ये. शेवटचा कागद छापून तयार होता. 'दुरुस्ती पूर्ण. इमारती राहण्यास योग्य.' खाली माझ्या सहीची जागा.

"सर, आत काहीच बदललेलं नाही," मी म्हणाले. "स्लॅब कधीही खाली येईल."

साहेब खुर्चीत मागं रेलले. "मॅडम, तुम्ही-आम्ही राहणार आहोत का तिथं? त्यांच्यासाठी योग्यच आहे की."

समोर बसलेला ठेकेदार म्हणाला, "त्यांना तर वासाशिवाय झोप लागत नाही."

हशा पिकला. केबिनमधले सगळेच हसले. आणि मीही हसले. साहेब हसले की हसायचं, ही सवय अंगात भिनलेली. मग माझ्या हसण्याचा आवाज माझ्याच कानावर आला. आपण कुणाला हसतोय? आईला. त्या खोलीत खोकून खोकून मेलेल्या माझ्या आईला.

तोंड मिटलं.

"मी राहिलेय तिथं," मी म्हणाले. "तिसरी इमारत, खोली पाच. बावीस वर्षं."

साहेब हळू आवाजात म्हणाले, "मग हे इतके दिवस का लपवलंत?"

"लाज वाटायची, सर. ती तुमची होती. मी उगाच वागवत होते."

मी पेन काढलं. 'राहण्यास योग्य'च्या पुढं 'नाही' लिहिलं. खाली सही केली, पूर्ण नावानिशी. अक्षर सरळ आलं.

तिथनं थेट वसाहतीत गेले. मल्लव्वा दारात शेंगा फोडत बसली होती. घडलं ते सगळं सांगितलं. तिनं शेंगा बाजूला सारल्या नाहीत.

"साहेबापुढं खरं बोललीस, ब्येस केलंस," ती म्हणाली. "पर माज्या तोंडावर न्हाय म्हनलीस की."

"चुकलं, अव्वा."

"चुकलंच."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते बघितलं आणि बोट वर केलं, छताकडं. "रडाय नंतर ये. हितं माजी नात निजती. आदी ते कर."

केलं. बायकांना सोबत घेऊन एकेक खोली पुन्हा मोजली. पिवळा रंग खरवडला, खालच्या सळ्यांचे फोटो काढले. नव्या अहवालाखाली घरटी एकीनं सही नाहीतर अंगठा दिला. वाचता येत नाही त्यांना अंगणात मोठ्यानं वाचून दाखवला. मग तो वरच्या कार्यालयात नेऊन दिला आणि पोच घेतली.

मला कारणे दाखवा नोटीस आली. वसाहतीशी असलेला संबंध लपवला. तटस्थ नाही. मी उत्तर दिलं: लपवला, हे खरं. तटस्थ नाही, हेही खरं. ज्याच्या डोक्यावर स्लॅब आहे त्यानं तटस्थ कसं राहायचं, ते लेखी कळवावं.

उत्तर अजून आलेलं नाही. चौकशी चालू आहे. पण वरून माणसं आली, त्यांनी पाहिलं. तिसऱ्या इमारतीला लोखंडी टेकू लागले. नळाची लाइन वेगळी झाली. मल्लव्वाच्या छताचं काम सुरू झालं. बाकीच्या इमारतींना साहेब अजून 'योग्य'च म्हणतात. माझी बदली करणार म्हणे. करू देत. जिथं टाकतील तिथंही सरकारी वसाहत असेलच, आणि तिची फाइल मी पहिल्या दिवशी मागेन.

मी कुणावर उपकार करत नाही. पगार त्यासाठीच घेते. आणि ज्यांचं घर आहे त्यांच्यासमोर मान खाली घालून उभं राहायचं, ते आता साहेबांनी.

उद्या चौथी इमारत. बायका खरवडायच्या पत्र्या आणि हातोड्या घेऊन येणार आहेत. ठेकेदार आपली माणसं घेऊन जिन्यात उभा राहणार, असा निरोप आलाय.

उभा राहू दे. आम्ही रंग खरवडणार.