पहिला हंडा

निवृत्तीनंतर मी विभागीय चित्रपट कार्यालयाचे स्थानिक काम पाहू लागलो. पंचायत समितीत आयुष्य गेल्याने जव्हार-मोखाड्याचे पाडे मला ठाऊक होते. चित्रीकरणाला जागा दाखवणे, ग्रामपंचायतीचा ठराव आणि वनखात्याची परवानगी मिळवून देणे, जीप व जेवण ठरवणे, गर्दीसाठी माणसे जमवणे, असे ते काम. शिरपामाळला ऐतिहासिक मालिकावाले येत. घोडे, तलवारी, कागदी बुरूज. दोन दिवसांत सारे आवरून जात. त्याचा कोणाला त्रास झाल्याचे मला आठवत नाही.

त्या उन्हाळ्यात पाणीटंचाईवर चित्रपट करणारी मंडळी आली. त्यांना कोरडी विहीर हवी होती. मी त्यांना सूर्यमाळच्या बाजूला एका पाड्यावर नेले. विहीर पाहून दिग्दर्शकाचा चेहरा उजळला. कार्यालयाने पाड्याला शब्द दिला : चित्रणासाठी विहिरीत टँकर ओतला जाईल, दृश्य संपताच ते पाणी पाड्याचे. पाड्याने लगेच होकार दिला.

त्या विहिरीची रीत सांगायला हवी. बायका तिथे ताटकळत उभ्या राहत नाहीत. हंडा रांगेत ठेवून कामाला जातात. हंडा असेल तिथे मालकिणीचा नंबर. दुसरीच्या हंड्याला हात लावायचा नाही. कुत्र्याने पाडला, तरी ती येईपर्यंत तो आडवाच राहतो. विहिरीच्या तळाला भेग आहे. ओतलेले पाणी फार काळ टिकत नाही. म्हणून टँकर आला की वाद न घालता नंबराने उपसायचे.

त्या दिवशी रांगेत पहिला हंडा एका म्हातारीचा होता, हे मला मागाहून कळले. जर्मनचा, पोचे आलेला, गळ्याला लाल चिंधी बांधलेला. घरात सून बाळंत झाली होती. बाळंतिणीला शेकायला, धुवायला घरात पाणी नव्हते. म्हातारी पहाटे हंडा ठेवून सुनेपाशी परतली होती.

टँकरचा चालक नवखा होता. त्याला वाट दाखवण्यासाठी मी डांबरी रस्त्यापर्यंत उतरलो. टँकरसोबत परत आलो, तेव्हा विहिरीपाशी पितळेच्या घागरींची चकचकीत रांग होती. पाड्याचे हंडे, कॅन, तेलाचे डबे करवंदीच्या जाळीमागे ढीग करून टाकलेले.

“हे कोणी हलवले?” मी विचारले.

“आम्हीच, काका,” सजावट पाहणारा तरुण म्हणाला. “प्लास्टिक कॅमेऱ्यात वाईट दिसतं. काळजी करू नका, एकही फुटलेलं नाही.”

तो खरे बोलत होता. एकही फुटले नव्हते.

दृश्य सुरू झाले. टँकर ओतला गेला. बायका पितळेच्या घागरी घेऊन ठरल्याप्रमाणे चालल्या.

“लग्नात नाय भेटली गं अशी घागर!” एक म्हणाली.

“नवऱ्याला दाखव जाऊन. म्हण, दुसरा केला!”

हशा झाला. दिग्दर्शकाने ‘कट’ म्हटले, आणि बायका जाळीकडे धावल्या.

पुढचे फार लवकर घडले. जिच्या हाती जे भांडे आले, ते घेऊन ती पुढे घुसली. म्हातारी तोवर आली होती. तिने ढिगातून आपला हंडा ओढून काढला.

“पैला माझा व्हता,” ती म्हणाली.

तिच्या मागे नंबर असलेली बाई काठावर दोर धरून उभी होती. म्हातारीचा हंडा पहिला होता, हे नक्की जाणणारी ती एकटीच. तिच्याही घरी भांडी कोरडी होती.

“म्हातारे, माझ्यापुढं कोण नव्हतं,” ती म्हणाली.

“पोरी, चिंधी बघ की! तूच माझ्यामागं ठेवलास ना?”

“मला नाय माहीत. हट.”

मग दोर ओढले गेले, झिंज्या धरल्या गेल्या. मी ओरडलो, कोणी ऐकले नाही. कॅमेरा चालूच होता. भांडण थांबले तेव्हा तळाशी चिखल होता. पाणी भेगेत गेले होते. ज्यांनी उपसले त्यांनाही अर्धेमुर्धे मिळाले. म्हातारीला थेंबही नाही.

ती रिकामा हंडा घेऊन खालच्या दरीतल्या झऱ्याकडे निघाली. उतारावर घसरली. मंडळींच्या जीपमधून आम्ही तिला जव्हारच्या रुग्णालयात नेले. खुब्याचे हाड मोडले होते. पावसाळा संपण्याआधी ती गेली.

चित्रपट पूर्ण झाल्यावर कार्यालयाने मोखाड्यात शाळेच्या सभागृहात तो स्थानिकांना दाखवला. भरदुपारी, खिडक्यांना सतरंज्या लावून. पाड्याच्या बायकांना जीप पाठवली होती. सून मूल मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसली.

भांडण चित्रपटात ठेवले होते. “किती सहज अभिनय!” पुढे बसलेले कार्यालयाचे अधिकारी म्हणाले. टाळ्या पडल्या. पडद्यावर म्हातारी आली, चिंधीचा हंडा छातीशी धरून.

चित्रपट संपल्यावर सून म्हणाली, “भाऊसाहेब, आत्याचं तेवढं परत दाखवतील का? घरात तिचा फोटो नाय.”

मी जाऊन विनंती केली. अधिकारी भला माणूस होता. त्याने कारण विचारले नाही. सतरंज्या पुन्हा ओढल्या गेल्या.

“पैला माझा व्हता,” म्हातारी पडद्यावरून म्हणाली.

“व्हता,” मागच्या रांगेतून आवाज आला. काठावर दोर धरून उभी होती, तीच बाई. “पैला तिचाच व्हता.”

सुनेने मागे वळून पाहिले नाही. मूल खांद्यावर घेतले आणि ती जीपकडे निघाली.