हलव्याचा कंबरपट्टा आणि खालांची बकरी

जन्मात एकदाच मी अंगभर दागिने घातले, आणि ते बकरीनं खाल्ले.

राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हाची गोष्ट. नागपूरच्या सचिवालयातल्या फायली भोपाळला निघाल्या आणि त्यांच्याबरोबर आम्ही कारकूनही निघालो. (फायली जास्त जपून नेल्या!) टी. टी. नगरात क्वार्टर मिळालं. पण आमच्या सौ. सुमननं दोन मोठ्या ट्रंकांच्या दोऱ्या काही सोडल्या नाहीत. "इथं माझं आहे कोण?" एवढंच म्हणायची. मग क्वार्टरांजवळच्या मैदानावर संक्रांतीचा बाजार भरणार असं कळलं, तेव्हा तिनं मला निर्वाणीचं सांगितलं.

"मी हलव्याचे दागिने करून दुकान मांडते. इथल्या बायकांनी हौसेनं नेले, तर ट्रंका उघडीन. नाही तर मला नागपूरच्या गाडीत बसवून द्या!"

मला घाम फुटला. मला चहासुद्धा करता येत नाही हो!

सुमन शेगडीवर परात ठेवून बसली. खसखशीवर पाकाचे थेंब सोडत हलकेच हलवत राहायचं, तेव्हा कुठे हलवा फुलतो. भोपाळच्या थंडीत काटा असा सुरेख आला की ती स्वतःच बघत राहिली. त्याचे हार, बाजूबंद, मुकुट ओवून झाले. बाजाराच्या दिवशी मी ऑफिसात ताप आल्याचं कळवलं आणि काळ्या कापडावर दागिने आणि एक आरसा मांडून दोघं बसलो.

पहिल्या गिऱ्हाइकानं हाराकडे बोट दाखवलं. "पाव भर तौल दो."

"अहो, ये मिठाई नहीं, गहना है! नई बहू संक्रांत को पहनती है!" सुमन म्हणाली.

"शक्कर का गहना? चींटी नहीं लगेगी, खां?" (भोपाळात समोरचा प्रत्येक जण 'खां'!)

मी ऑफिसच्या सवयीनं खुलासा सुरू केला, "देखिए, विषय ऐसा है कि..." विषय संपायच्या आत गिऱ्हाईक शेजारच्या तिळाच्या गजकच्या दुकानात पोचलेलं असे.

"तुम्ही बोलू नका बरं," सुमन म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. मला फार वाईट वाटलं.

"अगं, घालून दाखवल्याशिवाय कळायचं कसं? तू घाल."

"मी काय नवी नवरी आहे? लोक हसतील!"

"मग मी घालतो!"

मुकुट, हार, बाजूबंद, कंबरपट्टा! कोटावर सगळं चढवून मी उभा राहिलो, तोच समोर आमच्या ऑफिसातले बडेबाबू.

"क्यों देशमुख, बुखार उतरा?"

मी घाईघाईनं हात जोडले. बाजूबंद तटकन तुटला. तेवढ्यात मागून कुणी कंबरपट्टा ओढला. सुमन सारखा करत असेल, असं वाटून मी लाजून म्हणालो, "राहू दे गं, लोक बघताहेत!"

पण सुमन तर समोर उभी होती!

मागे वळलो तर एक काळी बकरी! कंबरपट्टा संपवून ती हाराकडे निघाली होती. मी धूम ठोकली. माझ्यामागे बकरी, बकरीमागे तिची मालकीण, आणि त्यांच्यामागे हसत सगळा बाजार. गोल फेरी मारून वरात पुन्हा आमच्याच दुकानापुढे आली, तेव्हा अंगावर फक्त मुकुट उरला होता. (शिंगं असलेल्या प्राण्याला बहुधा त्याचं अप्रूप नसावं!)

मालकीणबाईंना सगळे खाला, म्हणजे मावशी, म्हणत. त्या सुमनपुढे धापा टाकत उभ्या राहिल्या.

"बेटी, ये बड़ी नखरैल है. गुड़ भी सूँघ के छोड़ देती है. तुमने बनाया क्या है?"

खालांबरोबर त्यांची नवी सून होती, तिच्या गळ्यात सुमननं हलव्याचा हार घातला. सून आरशात पाहून अशी खुलली की खाला म्हणाल्या, "पूरा जोड़ा बाँध दो!"

मग काय विचारता! दिवेलागणीच्या आत दुकान रिकामं झालं. बडेबाबूंनीही नातवासाठी मुकुट नेला, माझ्याच डोक्यावरून काढून! घरी येताच सुमननं ट्रंकांच्या दोऱ्या सोडल्या, आणि मला रडूच आलं.

पुढच्या संक्रांतीला मी कोटाला इस्त्री करून, आरशात कंबर निरखत तयार झालो.

सुमन म्हणाली, "तुम्ही आपले ऑफिसला जा हो. मी खालांना निरोप धाडलाय, नुसती बकरी पाठवा म्हणून."