काठीच्या होळीची परवानगी

मित्रमैत्रिणींनो, एक सल्ला हवाय, म्हणून लिहितेय.

मला चित्रं काढायचा नाद. यंदा सातपुड्यातल्या काठी गावची राजवाडी होळी बघून रेखाटायची आहे. वर्गातली रविता तिकडचीच, तिच्या पाड्यावर राहायचं ठरलंय. मी मात्र आमच्या ब्राह्मणपुरी गावाबाहेर एकटी कधीच राहिलेली नाही.

आज जेवताना पप्पांना विचारलं. ते म्हणाले, "पहिले तिनी मायसंगे बोलू दे."

रविताच्या आईला फोन लावून दिला. पप्पांची भाषा अहिराणी, काकूंची पावरी. दोघं मोठमोठ्यानं बोलत होते.

फोन ठेवून पप्पा म्हणाले, "माले काहीच समजनं नही. पन तुन्हं नाव लिसन बाई हासनी. जाय. तठे पोचनी का लगेच फोन करजो, नहीतर मी गाडी काढीसन येसू."

काकू माझं नाव घेऊन हसल्या, एवढ्यावर परवानगी! आनंदानं रविताला कळवलं. ती म्हणाली, "अगं, आई आज बाजाराला खाली आली होती म्हणून फोन लागला. पाड्यावर रेंजच नाही. फोनसाठी टेकडी चढावी लागते."

हे सांगितलं तर पप्पा नाही म्हणतील. लपवून गेले तर फोन आला नाही म्हणून ते गाडी काढून रविताच्या दारात उभे राहतील आणि माझ्याच्यानं एक रेघही ओढवणार नाही.

म्हणून आत्ताच सांगायला चाललेय. अशी गोष्ट तुम्ही घरी कशी सांगता हो?